आधी स्वतःला बांधून घ्या

भाचरांनो, कुपवाडची फाउंड्री आता तुम्हा दोघा बहीण-भावाच्या नावावर झाली. बाबांनी किल्ल्या दिल्या, सीएंनी कागद दिले, बँकेने नव्या सह्यांचे नमुने घेतले. आत्याने काय द्यायचं? सासरी आल्यावर मार्केट यार्डातल्या आमच्या हळदीच्या अडत दुकानाची कीर्द-खतावणी मी लिहिली. पुढे तुमच्या बाबांच्या फाउंड्रीचे हिशेबही पाहिले. माझं आयुष्य वह्यांत गेलं. त्या वह्यांनी मला जे शिकवलं तेच तुम्हाला देते.

धंद्यात मुळातच खोटी असलेली माणसं मला फार थोडी भेटली. पण चांगल्या घरची, देवाधर्माची, शब्दाला जागणारी माणसं अडचणीच्या दिवशी ‘एवढ्या वेळेपुरतं’ म्हणत भलतंच करून बसलेली मी पुष्कळ पाहिली. बँकेचा हप्ता थकलेला असतो, गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं असतं, पगार तोंडावर आलेला असतो. अशा वेळी माणूस बरं-वाईट बघत नाही, फक्त सुटायची वाट शोधतो. म्हणून माझा कानमंत्र एकच आहे: सचोटीचा निर्णय अडचणीच्या दिवसासाठी ठेवू नका. हातात पैसा आणि डोकं शांत असेल तेव्हा तो घ्या, लिहून ठेवा, आणि तुम्हाला स्वतःलाच तो मोडता येऊ नये अशी सोय करा. पुढे लिहिते तो याचाच तपशील.

१. पहिला अंकुश मालकावर

आपल्या भागात याचं मोठं उदाहरण होऊन गेलं आणि आपल्याच पोरांना ते माहीत नसतं. औंध आज सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं एक गाव आहे. पूर्वी ते संस्थान होतं, आणि आटपाडी, कुंडल हा आजचा सांगली जिल्ह्यातला मुलूखही त्याच संस्थानात होता. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे म्हणून लोक त्यांना ओळखतात. मला मात्र ते वेगळ्या कारणासाठी मोठे वाटतात. मुलगा अप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांच्या साथीने, गांधीजींचा सल्ला घेऊन, त्यांनी १९३९ साली नवी राज्यघटना लागू केली आणि कारभार गावोगावच्या पंचायतींकडे व लोकांनी निवडलेल्या सभेकडे सोपवला. दुसऱ्या संस्थानांत लोक हक्कांसाठी झगडत होते. इथे राजाने आपणहून स्वतःची सत्ता बांधून घेतली.

तुमचं संस्थान लहान आहे, पण त्यातले राजे तुम्हीच. तेव्हा सुरुवात तुमच्यापासून. दोघांचा पगार ठरवा आणि तेवढाच उचला. घरचा किराणा, मुलांची फी, लग्नाचा मांडव, गावच्या जत्रेची वर्गणी यांतलं काहीही कारखान्याच्या खर्चात टाकू नका. मालकाने घरच्या गाडीत कारखान्याचं डिझेल भरलं की स्टोअरमधला माणूस ते बघतो, बोलत काही नाही. पण त्या दिवसापासून तोही हातमोज्यांचा एखादा जोड घरी न्यायला मोकळा होतो. मग त्याला कोणत्या तोंडाने विचारणार?

एका ठरावीक रकमेपुढचा कोणताही खर्च, उधारी किंवा कर्ज दोघांच्या सहीशिवाय होऊ देऊ नका. हिशेबनीसाला लेखी अधिकार द्या: ‘हे नियमात बसत नाही’ असं कागदावर लिहून तुमचं व्हाउचर परत करण्याचा. तो पहिल्यांदा तुमचं व्हाउचर परत करेल त्या दिवशी त्याच्यावर चिडू नका. सगळा कारखाना त्या दिवशी तुमचं तोंड बघत असतो.

२. उरलंसुरलं कुणाचं, ते आधीच ठरवा

विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या पट्ट्यातली हजारो माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. तमिळनाडूत, केरळात, दिल्ली-कोलकात्यात कुठेही सराफ बाजारात गेलात तर आपल्याकडचा गलाईवाला भेटतो. दुसऱ्याचं सोनं-चांदी वितळवायची, गाळून शुद्ध करायची, टंच काढून द्यायचा, हा त्यांचा व्यवसाय. परमुलखातला सराफ यांच्या हातात सोनं देतो तो भरवशावर. या कामात खरा प्रश्न लगडीचा नसतो. लगड सगळ्यांना दिसते. मुशीला चिकटलेला कण, भट्टीजवळची धूळ, झाडून काढलेला केर यांतही सोनं असतं. ते कुणाचं, हे आधी बोलून ठेवलं असेल तर धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालतो, आणि ‘बघू नंतर’ म्हटलं असेल तर एक दिवस भांडण होतंच.

आमच्या अडत दुकानात हाच प्रश्न सांडलेल्या हळदीचा होता. पोतं फोडलं, वानगीला मूठ-मूठ काढली, चार खरेदीदारांनी हळकुंडं मोडून पाहिली की ढिगाच्या कडेला माल उरतो. तो शेतकऱ्याचा. सासऱ्यांचा नियम असा होता की ते सगळं गोळा करून तोलात यायलाच हवं. एका शेतकऱ्याच्या दृष्टीने ते मूठभर, पण हंगामभर साठत गेलं की त्याची पोती होतात.

तुमच्याकडे तोच प्रश्न भंगाराचा. ओतकामात उरलेले रनर-रायझर परत भट्टीत जातात, पण मशीनखालचा बुरा, मोडक्या पेट्या, जुने पत्रे, रिकामे ड्रम विकले जातात. कारखान्यातली लबाडी बहुधा इथूनच शिरते, कारण त्या मालाचा कुणी हिशेब मागत नाही आणि पैसे रोख येतात. आजच नियम करा. भंगाराचं वजन दोन माणसांसमोर होईल, विक्री बिलावर होईल, पैसे बँकेत जमा होतील. त्यातला काही वाटा कामगारांच्या दिवाळीसाठी ठेवायचा असेल तर उघड ठेवा. भंगाराचा पैसा स्वच्छ असला की बाकीचा हिशेब आपोआप सरळ होतो.

३. वानगी आणि पोतं एकच असू द्या

सांगलीची हळद नावाजलेली. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या हरिपुरात जमिनीखाली पेवं असत आणि त्यांत हळद साठवत. पेवाचं तोंड एकदा बंद झालं की आतला माल कुणाला दिसत नाही. तरी सौदे व्हायचे. वानगीला दाखवलं तेच आत आहे, या एका भरवशावर.

फाउंड्रीत वानगी म्हणजे सॅम्पल. सॅम्पल पास व्हावं म्हणून उत्तम पिग आयर्न वापरायचं, ज्येष्ठ मोल्डर उभा करायचा, आणि ऑर्डर मिळाल्यावर मिळेल ते भंगार भट्टीत ढकलायचं, असं करणारे कमी नाहीत. तुम्ही सॅम्पल रोजच्या मालातून, रोजच्या माणसांकडून काढून द्या. मग भाव कमी मिळाला तरी चालेल. हीट नंबर (माल कोणत्या ओतीचा ते) आणि तपासणीचे आकडे त्या-त्या दिवशीच लिहा. आठवड्याचे रकाने शनिवारी एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेले असले की ते खोटे आहेत हे मला पान न वाचता कळतं.

वजनाचंही तेच. उसाच्या पट्ट्यात ‘काटामारी’, म्हणजे वजनात मारणं, हा शब्द शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वजन खरं असेल, तरी शेतकऱ्याचा विश्वास उडालेला असेल तर ते खरं असून काय उपयोग? आपल्या गेटवरच्या काट्यावर वैधमापनशास्त्र खात्याचा शिक्का वेळेवर करून घ्या आणि त्याचं प्रमाणपत्र काट्याशेजारीच लावा. माल घेऊन येणाऱ्याला ‘बाहेर दुसऱ्या काट्यावर करून बघ’ असं स्वतःहून सांगा. काटा आपला असला तर समोरच्याची खात्री पटवणं हे आपलं काम आहे. त्याने संशय घेतला म्हणून रागवायचा हक्क आपल्याला नाही.

४. देणं तारखेला द्या

माणसाची सचोटी मी त्याच्या देण्यांच्या यादीवरून ओळखते. उसाचं उदाहरण घ्या. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस कारखान्याला पोचल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज द्यायचं. कायदा इतका स्पष्ट असूनही या एका गोष्टीसाठी आपल्या जिल्ह्यांत किती आंदोलनं झाली, हे तुम्ही लहानपणापासून पाहिलंय. द्राक्षाच्या हंगामात तासगाव-मिरजेकडे बाहेरचा व्यापारी चार गाड्यांचे रोख पैसे देतो आणि पाचवी उधारीवर भरून गायब होतो. वर्षभर औषधं मारून, कर्ज काढून पिकवलेली बाग तशीच जाते. दुसऱ्याचं देणं अडवून ठेवणं म्हणजे त्याच्या घरातलं काय काय अडवणं, ते त्या घरात जाऊन बघावं.

तुमच्या देण्यांचा क्रम मी सांगते, तो भिंतीवर लावा. पहिला पगार. कायद्याने सात तारखेच्या आत, पण तुम्ही एकच तारीख धरा आणि ती कधी चुकवू नका. दुसरा प्रॉव्हिडंट फंड. कामगाराच्या पगारातून कापलेला पैसा तुमचा नाहीच, तो पंधरा तारखेच्या आत भरायचा असतो. ‘या महिन्यात तो फिरवू, पुढच्या महिन्यात भरू’ हा विचार मनात आला तर समजा की पाय घसरला. तिसरे लहान पुरवठादार: वाळूवाला, पॅटर्न करणारा, टेम्पोवाला. लघुउद्योगांचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं, असा २००६ चा कायदा आहे. मोठ्या कंपन्या तुमचे पैसे अडवतात तेव्हा तुम्ही याच कायद्याचं नाव घेता. मग पॅटर्नवाल्याच्या बाबतीत तो विसरू नका. मालकाचा वाटा सगळ्यांत शेवटी.

पैसे खरंच नसतील तर तारखेच्या आधी फोन करा. ‘अमुक दिवशी देतो’ हे तुमच्या तोंडून ऐकलेला माणूस थांबतो. चार फेऱ्या मारून ‘साहेब बाहेर गेलेत’ हे वॉचमनकडून ऐकलेला माणूस आयुष्यभर विसरत नाही.

५. वाईट बातमी आणणाऱ्याला खुर्ची द्या

मार्चअखेरची गोष्ट आहे. पंपाच्या केसिंगचा लॉट भरून ट्रक गेटवर उभा होता आणि गिऱ्हाइकाचा सकाळपासून तिसरा फोन येऊन गेला होता. फेटलिंगमधला, म्हणजे ओतीव माल घासून साफ करणाऱ्या विभागातला, एक पोरगा हातात एक केसिंग धरून ऑफिसच्या दारात येऊन थांबला. आत येईना, बोलेना. मग त्याने अंगठ्याच्या नखाने एका जागी रंग खरवडला. खाली राखाडी पुट्टी दिसली. ओतताना वायू अडकून पडलेलं भोक कुणीतरी पुट्टीने बुजवलं होतं आणि वर लाल रंगाचा हात फिरवला होता.

तुमच्या बाबांनी आधी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. मग ट्रक उतरवायला सांगितला. सगळी केसिंगं पाण्याच्या दाबावर तपासली, काही पाझरली. गिऱ्हाइकाला फोन करून माल उशिरा येईल हे सांगितलं आणि का ते लपवलं नाही. ते भडकले, उशिराचा दंड कापला, तो आम्ही सोसला. पण तुमच्या बाबांनी खरं काम पुढच्या आठवड्यात केलं. पुट्टी कुणी लावली हे शोधण्याआधी का लावली हे शोधलं. तेव्हा कळलं की सुपरवायझरचा बोनस पाठवलेल्या नगांवर होता. नगांना बक्षीस लावलं, म्हणून नग मोजले गेले, माल कुणी बघितला नाही. बोनसचा हिशेब बदलला: गिऱ्हाइकाकडून परत न आलेल्या नगांवर. आणि नियम लिहिला की कोणतंही भोक वेल्डिंगने वा आणखी कशानेही बुजवायचं असेल तर गिऱ्हाइकाची लेखी परवानगी हवी.

यातलं तुम्ही उचलायचं ते असं. बक्षीस कशाला लावता याचा दहा वेळा विचार करा, कारण माणसं तुमच्या भाषणापेक्षा तुमच्या बक्षिसाचं ऐकतात. आणि वाईट बातमी आणणाऱ्यावर आवाज चढवू नका. एकदा ओरडलात की पुढची पुट्टी तुम्हाला दिसणार नाही, ती गिऱ्हाइकाला दिसेल.

६. माणसावर विश्वास टाका, व्यवहार दुसऱ्याकडून तपासून घ्या

लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावं लागलं तेव्हा औंधच्या त्याच भवानरावांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला, भांडवलालाही हात दिला. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. निवडुंग आणि सापांनी भरलेला माळ तो, राखण कोण करणार? लक्ष्मणरावांनी औंधच्या तुरुंगात शिक्षा भोगणारी माणसं राखणीला घेतली. त्यांतलं तुकाराम रामोशी हे नाव आजही सांगितलं जातं. ज्यांच्या जातीवरच इंग्रजी कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्यांच्या हाती कारखान्याची मालमत्ता दिली आणि ती त्यांनी सांभाळली. पुढे १९३९ साली औंध संस्थानानेच आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत केली, जिथे कैदी भिंतीशिवाय राहून शेती करू लागले. व्ही. शांताराम यांच्या १९५७ सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाला प्रेरणा तिथलीच. विश्वासाने माणूस उभा राहतो, हे आपल्या मातीने करून दाखवलंय.

पण माणसावर विश्वास टाकणं वेगळं आणि व्यवहार न तपासणं वेगळं. आपल्या जिल्ह्यांतल्या सहकारी बँका आणि पतसंस्था लोकांनी पै-पै साठवून उभ्या केल्या. त्यांतल्या काही बुडाल्या. कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२० च्या डिसेंबरात रद्द केला. पुरेसं भांडवल नाही आणि कमाईची शक्यताही नाही, असं कारण दिलं. बँकेतल्या ठेवींना विमा असतो, पण तो एका बँकेत माणशी पाच लाखांपर्यंतच. त्याच्या वर ठेवलेला पैसा म्हणजे कुणाचं निवृत्तीचं, कुणाचं मुलीच्या लग्नाचं. कोणतीही संस्था एका दिवसात बुडत नाही. ‘आपलाच माणूस आहे, कागद नंतर देईल’ हे वाक्य बैठकीमागून बैठकीत बोललं जातं, आणि कुणी हरकत घेत नाही.

म्हणून रोख ज्याच्या हातात असेल त्याच्याकडे हिशेबाची वही देऊ नका. खरेदीची ऑर्डर देणारा, माल उतरवून घेणारा आणि बिल पास करणारा ही तीन वेगळी माणसं असू द्यात. वर्षातून एकदा प्रत्येकाला सलग आठ दिवस रजा घ्यायला लावा आणि त्याचं काम दुसऱ्याने करावं. हे संशयापोटी करत नाही, हे सगळ्यांना समजावून सांगा. प्रामाणिक माणसाला तपासणीचा फायदाच होतो: कधी आळ आला तर त्याच्या बाजूने वही बोलते.

७. पाहुण्याचं काम उघड्यावर करा

आपल्याकडे धंदा भावकीत आणि सोयऱ्यांत चालतो. मेहुण्याचा टेम्पो, मावसभावाची वर्कशॉप, गावच्या पुढाऱ्याचा पोरगा नोकरीला. नातं वाईट नाही, लपवलेलं नातं वाईट. पाहुण्याला काम द्यायचं असेल तर तीन दर मागवा. निर्णय घेताना ज्याचा पाहुणा आहे त्याने खोलीबाहेर जावं, आणि कोण का बाहेर गेलं ते टिपणीत लिहावं. संचालकाने आपला हितसंबंध उघड करावा, हे कंपनी कायद्यातही आहे. पण कायदा नसता तरी हे करायलाच हवं होतं. नात्यातल्या माणसाचा माल परत पाठवायची वेळ आली तर इतरांइतक्याच कडक कागदावर पाठवा. घरी दोन दिवस अबोला होईल. तो मी सोसलाय, त्यातून कुणाचं वाईट झालं नाही.

८. पहिल्या खोट्या सहीलाच नाही म्हणा

कर्मवीर भाऊराव पाटील साताऱ्यात आले, १९२४ साली रयत शिक्षण संस्था तिथे स्थिरावली, हे सगळ्यांना माहीत. त्याआधी ते किर्लोस्करांच्या नांगरांचे आणि ओगले काच कारखान्याचे फिरते विक्रेते होते, हे कमी जणांना माहीत असतं. कोल्हापुरात १९१४ साली पुतळ्याला डांबर फासल्याचं प्रकरण झालं, तेव्हा समाजसुधारक अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आला. त्यांनी ती दिली नाही आणि तुरुंगातला छळ सोसला. हातात काही नव्हतं, पाठीशी कुणी नव्हतं, तरुण वय होतं. तेव्हा जो नाही म्हणाला, त्याच्या शब्दावर पुढे खेडोपाडी लोकांनी आपली पोरं सोपवली.

आज तुमच्यापुढे येणारी खोटी साक्ष म्हणजे जुन्या तारखेचा दाखला, न झालेल्या तपासणीचा अहवाल, वाढवलेलं बिल, अपघातानंतर बदललेलं हजेरीपुस्तक. पहिली सही फार लहान असते, म्हणून ती होऊन जाते. दुसरी सही पहिली झाकण्यासाठी करावी लागते. नाही म्हणायची एक साधी रीत सांगते: भांडू नका, भाषण देऊ नका. ‘हे मला लेखी पाठवा, मी लेखी उत्तर देतो’ एवढंच म्हणा. खोटं काम सांगणारा शंभरातल्या नव्वद वेळा ते लिहून देत नाही. आणि तुमच्या हाताखालच्या कुणाला तुम्ही अशी सही कधीच मागू नका. त्याला नोकरी गमवायची भीती असते, तुम्हाला नसते. ज्याला कमी भीती आहे त्याने जास्त जबाबदारी घ्यायची, पुढारी असण्याचा अर्थ मी एवढाच समजते.

९. जो खोलीत नाही, त्याची बाजू मांडा

तुमच्या टेबलाभोवती गिऱ्हाईक बोलतं, बँक बोलते, कामगारांचा प्रतिनिधीही बोलतो. कृष्णा नदी बोलत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि कुणी कारखान्याचं घाण पाणी सोडलं की मासे मरून काठाला लागतात, आणि तेच पाणी खालची गावं पितात. वापरलेली वाळू, धूळ, तेलाचे बोळे यांची विल्हेवाट कुठे लागते ते एकदा स्वतः गाडीमागे जाऊन बघा. ठेकेदार घेऊन गेला म्हणजे आपली जबाबदारी संपली, असं होत नाही. भट्टीजवळच्या ठेकेदारी मजुरालाही कायम कामगारासारखेच बूट आणि चष्मा द्या. वितळलेलं लोखंड हजेरीपट बघून उडत नाही.

आणि आपल्या गावची खरी परीक्षा महापुरात होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. त्या आठवड्यात काहींनी गोदामं उघडून दिली, काहींनी पाण्याच्या बाटलीचा आणि मेणबत्तीचा भाव वाढवला. पूर ओसरला, पण कुठल्या दुकानदाराने काय केलं ते प्रत्येक गल्लीला पाठ आहे. तेव्हा आत्ताच लिहून ठेवा: पुराच्या दिवसांत पगार कापायचा नाही, भाव वाढवायचा नाही, शेड आणि जनरेटर लोकांसाठी खुला.

१०. तरीही अडलात तर

सगळे नियम लिहिले तरी एखादा दिवस असा येतो की कुठलाच नियम बसत नाही. मोठ्या ऑर्डरसाठी थोडं डोळ्याआड करायचं का, जुन्या पण चुकलेल्या माणसाला काढायचं का, असे प्रश्न पडतात. तेव्हा एक रात्र जाऊ द्या. ज्याला आज रात्रीच उत्तर हवंय, त्याचा डाव बहुधा तुम्हाला विचार करू न देण्याचा असतो. मग तीन गोष्टी कागदावर लिहा. या निर्णयाची किंमत कोण मोजणार आहे, आणि त्याला आपण विचारलं का? समोरच्याच्या जागी आपण असतो तर हे मान्य केलं असतं का? हा निर्णय आणि त्याचं खरं कारण सगळ्या कामगारांसमोर वाचून दाखवता येईल का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर पुढे जाऊ नका.

निर्णय घेतल्यावर कारणासकट तारीख घालून लिहून ठेवा. चुकला तर चुकला म्हणा आणि नुकसान ज्याचं झालं त्याचं भरून द्या. माफी मागितल्याने मालकाची किंमत कमी होते, असं मला आजवरच्या कुठल्या वहीत दिसलेलं नाही. दोघांत मतभेद झाले तर जो जास्त सावध आहे त्याचं ऐका. ऑर्डर गेली तरी पुन्हा मिळते.

येत्या लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजाल. ‘श्री’ लिहून झालं की त्याच पानावर, दोघांच्या सहीने, हे आपले नियम लिहा: मालकाचा पगार किती, देण्याचा क्रम काय, भंगार कसं विकायचं, भोक कुणाच्या परवानगीने बुजवायचं, पाहुण्याला काम कसं द्यायचं, पुरात काय करायचं. त्याची एक प्रत गेटवर लावा, म्हणजे वॉचमनपासून टेम्पोवाल्यापर्यंत कुणीही तुम्हाला अडवून विचारू शकेल. आणि कुणी तसं विचारलंच, तर त्याचं नाव मला कळवा. त्याला मी स्वतः घरी जेवायला बोलावणार आहे.